आधी एक येऊन गेलाय

आण्णा, तुला आत नेल्यावर थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "ह्यांना आधी एक येऊन गेलाय."

वहिनी माझ्याकडं बघायला लागली, मी वहिनीकडं. मग तीच म्हणाली, "कोन येऊन गेलंय? घरात तर कोनबी आलं न्हाय, डॉक्टर. मी दारातच होते की."

त्या बिचाऱ्याला कळेना, हसावं का रडावं. मग त्यानं समजावून सांगितलं. हार्ट अटॅक. आजचा हा पहिला नव्हे. ह्याच्या आधी एक मोठा येऊन गेलाय, काही महिने झाले असतील. हृदयाचा एक तुकडा तेव्हाच मेलाय, इकोत स्पष्ट दिसतंय. "तेव्हा कुठं दाखवलं होतं?" असं त्यानं विचारलं.

कुठं दाखवणार, कपाळ? ज्याच्या छातीत आला त्यालाच पत्ता नाही, तिथं आम्ही काय सांगणार! आणि संध्याकाळी तू गेलास.

आता तुझं दिवसकार्य उरकलं, माणसं जेवून गेली, मी माझ्या घरी परत आले. मशीनपुढं बसते, ब्लाउज कापायला घेते आणि कात्री तशीच हातात राहते. डोक्यात एकच. कधी आला असेल तो पहिला? कुठल्या दिवशी? तू तेव्हा काय करत होतास, आणि मी तिथं होते का?

इतर काही आठवायला गेलं तरी ह्याच वाटेनं जावं लागतंय. वाईट ह्याचंच वाटतं की तुझी चांगली आठवण काढायला बसले तरी मी त्यात तुझा घाम शोधते.

गडमुडशिंगीपासून पार गगनबावड्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळांपर्यंत तुला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. गुळव्या आण्णा. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायला लागला, फेस चढला, मळी काढून झाली, की मालक असो नाहीतर त्याचा बाप असो, सगळे मागं सरायचे आणि तू पुढं व्हायचास. गार पाण्यात बोटं बुडवायची, तीच बोटं उकळत्या पाकाला लावायची, चिमूटभर पाक उचलून गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर टाकायची. टण्ण वाजली, की "उतरवा!" म्हणून तू ओरडायचास. तो आवाज रस्त्यापर्यंत जायचा. लहानपणी मी तुझ्यामागं उभी असायचे आणि तू निवलेला पाक उसाच्या कांडक्यावर गुंडाळून माझ्या हातात द्यायचास. "खा चिमे, ह्याच्यापुढं मिठाईवाला झक मारतोय."

तेव्हा तुला भाजायचं. हे मला पक्कं आठवतंय. तू बोटं तोंडात घालायचास, फू फू करायचास, शिव्या द्यायचास. मग पुढं कधीतरी ते बंद झालं. लोक म्हणायला लागले, आण्णाला भाजत न्हाय. आण्णाच्या हातात काहीतरी हाय. नवीन माणूस गुऱ्हाळावर आला की मालक त्याला मुद्दाम दाखवायचा, "बघा पावणं, आमचा गुळव्या बघा, हात पाकात घालतोय आणि डोळ्याची पापनी हलत न्हाय." आणि तूही चेव येऊन जास्तच वेळ हात धरायचास. आम्ही टाळ्या वाजवायचो. काय हौस होती आम्हाला!

शुगर निघाली तेव्हा तुझ्या पायाला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद करा म्हणाले. तू घरी येऊन पोट धरून हसलास. "चिमे, गुळव्याच्या पायाला मुंग्या येणार न्हाईत तर काय हत्ती येणार?" मीही हसले. मलाही तेव्हा शुगर निघून वर्ष होऊन गेलं होतं. आपल्या आईची देणगी, दोघांना सारखी वाटून आली. शेताचा वाटा मागायला लागले असते तर तू भांडला असतास, ह्यात काही बोलला नाहीस.

त्या मुंग्यांनी तुला लई छळलं, खरं बोलायचं तर. तळपायाची आग व्हायची, चादरीचा नुसता स्पर्श सोसायचा नाही. वहिनी ओल्या फडक्यात पाय गुंडाळून ठेवायची. तू गडी माणूस, कुणापुढं बोलायचा नाहीस, पण वहिनी मला फोन करून रडायची. तेव्हाच तू जोतिबाला नवस बोललास, ह्या मुंग्या जाऊ देत, मी घरापासून डोंगरापर्यंत अनवाणी येतो.

आणि मुंग्या गेल्या.

तू माझ्या जिन्यावरून ओरडत आलास, हातात गुळाची ढेप. "चिमे, गेल्या! सगळ्या गेल्या! आग न्हाय, टोचनं न्हाय, कायबी न्हाय. पाय कसं मऊ झाल्यात, कापसावर चालल्यागत वाटतंय." मी पटकन गुळाचा शिरा केला. दोघांनी खाल्ला, शुगरवाल्या दोघांनी, आनंदानं. त्या शिऱ्याची चव अजून जिभेवर आहे, त्याला मी काय करू? तू गोळ्या बंद केल्यास. दुखणं गेलं, आता औषध कशाला, असा तुझा हिशेब.

मग नवस फेडायला तू अनवाणी निघालास. आपली माणसं नवस फेडताना मागंपुढं बघत नाहीत. उन्हात डांबर तापलेलं, तू गुलालानं माखून परत आलास आणि सगळ्यांना सांगत सुटलास, एक खडा टोचला न्हाय, देवानं पायघड्या घातल्या. बायका तुझ्या पाया पडल्या की रे! चार-पाच दिवसांनी वहिनीला घरात वास यायला लागला. तिनं उंदीर मेलाय म्हणून कपाटं हलवली. मग तू पाय पसरून बसला होतास तर तिला तळव्यात काळं दिसलं. बाभळीचा अख्खा काटा, आत मोडलेला, आणि भोवती पू. तू त्याच्यावर चालत होतास. ती किंचाळली तेव्हा तू वाकून बघितलंस, शेजाऱ्याचा पाय बघावा तसं.

तिथं आपण थांबायला पाहिजे होतं. जखम धुणाऱ्या डॉक्टरनं त्या वेळी सांगितलं होतं, मुंग्या बऱ्या होऊन गेलेल्या नाहीत, त्या सांगणाऱ्या नसाच मेल्यात. साखरेनं नसा मरतात. आधी पायाच्या, लांब असतात म्हणून. मग आतल्याही, आणि मग छातीतलं दुखणंही कळत नाही. छातीची तपासणी करून घ्या म्हणाले. तुला ते पटलं नाही. तू म्हणालास, "काटा पायात, आणि हा छाती बघायची म्हंतोय. उद्या दात दुखला तर गुडघा कापंल."

सगळे हसले. तू बोललास की हसायचंच असायचं.

आपलं भांडण तिथून पेटलं, आणि ते तसंच राहिलंय. मी म्हणायचे, आण्णा, गूळ सोड. तू म्हणायचास, "गूळ म्हंजे साखर न्हवं. साखर मिलची, गूळ मातीचा." मी म्हणायचे, रक्ताला काय कळतंय मिल कुठली आणि माती कुठली? "रक्ताला सगळं कळतंय," तू म्हणायचास, "तुलाच कळत न्हाय." मी म्हणायचे, तपासून घे. तू म्हणायचास, "मला कायतरी दुखू दे तरी. दुखत न्हाय तवर मानूस चांगला असतोय. तुजं आपलं बघावं तवा कन्हणं." आणि फोन ठेवायचास. शेवटचा फोनही तसाच ठेवलास. ह्या वेळी मी परत केला नाही, कारण मला वाटलं, रविवारी येशील, तोंडावरच भांडू.

ऐक आता, मी काय ठरवलंय ते. तो पहिला मुरगूडच्या लग्नात आला.

मी सगळे दिवस एकेक करून बघितले आणि त्याच दिवसापाशी येऊन थांबते. वैशाखातलं लग्न, वहिनीच्या भाचीचं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि तू कार्यालयाच्या पायरीवर बसलेलास. शर्ट पाठीला चिकटलेला. चेहरा राखेसारखा. मी जवळ येऊन म्हणाले, "काय आण्णा, पंगत सोडून बसलेला गुळव्या पहिल्यांदाच बघितला." तू हसलास, पण दात दिसले तेवढंच. "पित्त झालंय गं. घास वर येतोय." मी विचारलं, दुखतंय का कुठं? तू हात छातीवरून फिरवून म्हणालास, "न्हाय की. कुठंच न्हाय." कुणीतरी सोडा आणून दिला. तू ढेकर दिलास आणि सगळ्यांना बरं वाटलं. नवरी तुझ्या पाया पडली, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास, तो हात थरथरत होता. आम्हाला वाटलं, भाचीची माया.

म्हणजे तो आला होता, आण्णा. भर मांडवात, आमच्यामध्ये, तुझ्या शेजारी पायरीवर बसला, आणि आम्ही त्याला सोडा पाजून वाटेला लावला. त्या वेळी तुझं हृदय आत मरत होतं आणि बाहेर बँडवाले वाजवत होते.

नंतरच्या खुणा तर दिवसाढवळ्या समोर होत्या. माझा जिना चढताना तू मधल्या वळणावर थांबायला लागलास. थांबलास हे कळू नये म्हणून खिडकीतून खाली बघायचास. "चिमे, तुज्या पेठेत गाड्या लई वाढल्या की गं," असं ओरडायचास आणि मधे दम घ्यायचास. बसलेला उठलास की डोळ्यापुढं अंधारी यायची, भिंत धरायचास. मला वाटायचं, वय झालं. वहिनीला वाटायचं, हंगामाची दगदग. तुला काहीच वाटायचं नाही, कारण दुखत नव्हतं.

आणि शेवटचा दिवस. मी तिथं नव्हते, पण चुलाण्यात चिपाडं सारणारा गडी तुझ्या दिवसाला आला होता, त्यानं सांगितलं. सकाळपासून तुला दम लागत होता. घाम तर सगळ्यांनाच असतो काहिलीपाशी, तुझा वेगळा कोण बघणार? दुपारी तुझ्या हातातून झारा पडला. सगळे धावले. मालकानं विचारलं, छातीत दुखतंय का आण्णा? तू म्हणालास न्हाय. दवाखान्यात जाऊया? "पाक आलाय, आता कुठं जातोस मर्दा? तेवढी काहील उतरू दे." अर्ध्या तासानं परत विचारलं, दुखतंय का? न्हाय. परत विचारलं. न्हाय. सगळं गुऱ्हाळ तुझ्या दुखण्याची वाट बघत थांबलं, आण्णा. दुखलं असतं तर त्यांनी तुला खांद्यावर घालून पळवलं असतं, जीव लावणारी माणसं होती ती. तू पाकाची गोळी टाकलीस, काहील उतरवायला लावलीस, पोत्यावर बसलास, आणि तुला उठता येईना.

आता मला राग कशाचा येतो ते सांगते. तुझ्या बाराव्याला जो येईल तो वहिनीला एकच सांगत होता. पुण्यवान माणूस, कायबी हाल न्हाईत, कुठं दुखलं न्हाय, खुपलं न्हाय, हातातलं काम पुरं करून गेला. एक बाई म्हणाली, असं मरण मागून मिळत न्हाय. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "मागू नकासा! दुखलं असतं तर माजा भाऊ आज जित्ता असता!" वहिनीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. लोकांना वाटलं, बहीण आहे, दुःखानं बोलतेय.

तेवढ्यात मला आई आठवली. आईच्या पायाचं बोट कापलेलं, तुला आठवतंय. त्यानंतर ती भाजी निवडत बसली होती आणि बसल्या बसल्या कलंडली. आपण काय म्हणालो होतो? भाग्यवान. झोपेसारखं मरण. तूच सगळ्यांना सांगत होतास, "आमची आई हसत गेली." तिलाही किती येऊन गेले असतील, कुणाला ठाऊक? आपल्या घराण्यात मरण दार वाजवत नाही आणि आपण त्यालाच देवाची कृपा म्हणत आलोय.

राहिले मी.

हे मशीन तूच आणलं होतंस. माझा संसार मोडला, मी परत आले, आणि लोक दारातून कुजबुजत जायचे तेव्हा तू एका सकाळी हे मशीन खांद्यावर घेऊन जिना चढलास. धापसुद्धा लागली नव्हती तुला तेव्हा. "रडायचं असलं तर रड, पर पाय हलवत रड," म्हणालास. त्या दिवसापासून मी कुणापुढं हात पसरला नाही. त्याचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत, आपल्यात तशी पद्धत नाही. आज बोलते. तू नसतास तर मी विहीर जवळ केली असती.

पुढं त्याला मोटर बसवली, पायानं नुसतं दाबायचं. परवा मी गळा शिवत होते आणि मशीन एकदम धावत सुटलं. ब्लाउज फाटला, सुई मोडली. मी खाली बघितलं तर माझा पाय पेडलवर होता. मला वाटत होतं, तो जमिनीवर आहे.

मी मशीन बंद केलं आणि बसून राहिले. माझ्या पायालाही मुंग्या यायच्या की. तुझ्यासारखी आग नव्हती, पण यायच्या. शेवटच्या कधी आल्या? लई आठवलं, आठवेना. त्या कधी गेल्या ते मला कळलंच नाही, आण्णा. आणि जिना चढताना मीही हल्ली मधल्या वळणावर थांबते. पिशवी जड असते, म्हणते.

तू असतास तर म्हणाला असतास, "लागलीस का कन्हायला?" तुझा आवाज कानात असतानाच मी पदर खोचला आणि दवाखान्यात गेले. तुझ्याशी भांडण जिंकायला गेले असं समज. हरायची इच्छा जास्त होती. देवा, आण्णा खरा ठरू दे, मी उगाच कन्हणारी ठरू दे, असं रिक्षात म्हणत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, बोलायला गोड. तिनं मला टेबलावर झोपवलं, चपला काढल्या. म्हणाली, "मावशी, डोळे मिटा. मी एक बारीक दोरा तुमच्या पायाला लावते. जिथं लागेल तिथं 'हो' म्हणायचं. सोपं आहे."

मी डोळे मिटले. मन सगळं पायात नेऊन ठेवलं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाहेर कुणीतरी खोकत होतं. मी वाट बघत राहिले. तिला दुसरं काही काम निघालं असेल, म्हणून गप्प राहिले. मग राहवेना, म्हणाले, "कवा लावताय, बाई?"

तिनं दोरा ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाली, "दोन्ही पायांना लावून झालं, मावशी."

मी डोळे उघडले नाहीत.

तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि हळू विचारलं, "कधी छातीत दुखलंय का?" तोंडात "न्हाय" आलं होतं. आईचं आलं असतं तसंच, तुझं आलं तसंच. मी ते गिळलं आणि म्हणाले, "मला ठाऊक न्हाय. तुमीच बघा."

तिनं छातीला, हाताला, पायाला तारा लावल्या. मशीन सुरू झालं. कागद बाहेर आला. तिनं तो हातात घेतला, उजेडाकडं धरला, पहिल्यापासून परत बघितला. मी कागदाकडं बघत नव्हते, तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मावशी," ती म्हणाली, "बरोबर घरचं कोण आहे?"

"कोन न्हाय," मी म्हणाले. "जे काय असंल ते मलाच सांगा."